अमेरिकेतील विद्यापीठांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अजूनही आंदोलने का करावी लागतात, आणि तिथे शिकणाऱ्या भारतीयांनी त्यांत पडावे का?

प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर सरळ आहे: मागितलेले मिळत नाही, म्हणून पुन्हा मागावे लागते. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये मिसुरी विद्यापीठातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी प्रशासनाला आठ मागण्यांचे निवेदन दिले. त्यांतली एक मागणी अशी होती की, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघटनेने १९६९ मध्ये केलेल्या मागण्या आता तरी पूर्ण कराव्यात. आंदोलकांनी आपल्या गटाच्या नावातच १९५० हे साल घेतले होते, कारण त्या विद्यापीठाने पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश दिला तो त्या वर्षी. त्याआधी लॉइड गेन्स या तरुणाने तिथल्या विधी महाविद्यालयात अर्ज केला होता आणि केवळ वर्णामुळे तो नाकारला गेला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, १९३८ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला, पण राज्याने त्याला आत घेण्याऐवजी कृष्णवर्णीयांसाठी वेगळे विधी महाविद्यालय काढण्याची वाट धरली. १९३९ च्या मार्चमध्ये गेन्स शिकागोतून नाहीसा झाला आणि पुढे त्याचा कधीच पत्ता लागला नाही. ज्या संस्थेच्या दाराशी असा इतिहास आहे, तिथल्या विद्यार्थ्यांना ‘अजूनही का’ असे विचारण्यापेक्षा हा प्रश्न प्रशासनाला विचारणे अधिक योग्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या आठ मागण्या वाचल्या, तर त्यांत हवेतले काही नव्हते. कृष्णवर्णीय प्राध्यापकांचे व कर्मचाऱ्यांचे प्रमाण दहा टक्क्यांवर न्यावे, मानसिक आरोग्य केंद्रात अधिक समुपदेशक नेमावेत, अशा त्या मागण्या होत्या. २ नोव्हेंबरला जोनाथन बटलर हा विद्यार्थी उपोषणाला बसला. ७ तारखेला फुटबॉल संघातील कृष्णवर्णीय खेळाडूंनी मैदानात न उतरण्याचे जाहीर केले. पुढचा सामना रद्द झाला असता, तर विद्यापीठाला दहा लाख डॉलर भरावे लागले असते. ९ तारखेला विद्यापीठ-प्रणालीच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. उपोषणाने जे पाच दिवसांत हलले नाही, ते पैशाचा प्रश्न आल्यावर दोन दिवसांत हलले.

आता दुसरा भाग, ज्याच्यासाठी मी हे उत्तर लिहीत आहे. त्या काळात मी अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील दुसऱ्याच एका सरकारी विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकीत पीएच.डी. करत होतो आणि पदवीच्या विद्यार्थ्यांचे प्रयोग घेत होतो. तिघातिघांचे गट विद्यार्थ्यांनी आपापसांत करायचे आणि प्रत्येक अहवालाबरोबर एकमेकांना गुण द्यायचे, अशी पद्धत होती. त्या गुणांवरून प्रत्येकाचे अंतिम गुण कमी-जास्त होत. माझ्या तुकडीत एकच कृष्णवर्णीय मुलगी होती. गट करायला सांगितले की ती नेहमी शेवटी उरायची आणि जिथे जागा असेल तिथे तिला बसवावे लागायचे. हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे एका द्रवाची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या यंत्राच्या, प्रयोगात तापमान स्थिर व्हायला बराच वेळ लागतो. तेवढा वेळ तिचे दोन्ही सहकारी बाहेर जाऊन बसत, आणि ती थर्मोकपलचे, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेचे, आकडे ठरावीक अंतराने टिपत उभी राहायची. नोंदींचा कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तिच्या हस्ताक्षरात असायचा; एखादा आकडा चुकीचा वाटला, तर ती त्यावर रेघ मारून शेजारी कारण लिहायची. अहवाल आला की त्याच दोघांनी तिला ‘सहभाग अपुरा’ असे लिहून कमी गुण दिलेले असत. गट बदलले, माणसे बदलली, तरी शेरा तोच राहिला.

ते कागद मी जपून ठेवले आणि विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकांपुढे नेऊन ठेवले. त्यांनी ते शांतपणे पाहिले आणि सांगितले की, विद्यार्थी सज्ञान आहेत, त्यांच्या परस्पर मूल्यमापनात आपण पडायचे नाही. कोणी तिला शिवी दिली नव्हती, कोणी दारावर काही लिहिले नव्हते. म्हणून घडलेल्या गोष्टीची नोंद करायला विद्यापीठाकडे रकानाच नव्हता. मिसुरीतील घटनांनंतर देशभर अनेक ठिकाणी पाठिंब्याचे मोर्चे निघाले, तसा आमच्याकडेही निघाला. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर त्या मुलीने वाचलेल्या मागणीत घोषणा नव्हती: गटातील गुणांविरुद्ध दाद मागण्याची सोय असावी आणि ती तक्रार विभागाबाहेरच्या व्यक्तीने ऐकावी, एवढेच ती म्हणाली. अशी मुले आंदोलने करण्यापेक्षा अभ्यास का करत नाहीत, असे मला आजही विचारले जाते. ती अभ्यासच करत होती. त्या अभ्यासाचे गुण तिच्या नावावर पडावेत म्हणून तिला पायऱ्यांवर उभे राहावे लागले.

त्याच आठवड्यात आमच्या भारतीय विद्यार्थी संघटनेची बैठक झाली. मोर्चाला पाठिंबा देणाऱ्या पत्रकावर संघटनेने सही करावी, असा ठराव मी मांडला. आम्हा सर्वांना वरिष्ठ असलेले पुण्याचे एक गृहस्थ, ज्यांना सगळे दादा म्हणत, उठून म्हणाले की आपण इथे पाहुणे आहोत, हा यांच्या घरातला प्रश्न आहे, आणि आपण गुणवत्तेवर आलो आहोत. ठराव पडला. दादांशी तेव्हा सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही, म्हणून माझे म्हणणे इथे नीट लिहून ठेवतो.

पाहुणे असण्याचा मुद्दा इतिहासाला धरून नाही. १९२३ मध्ये अमेरिकेत राहणाऱ्या भगतसिंग थिंड या पंजाबी गृहस्थांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून त्याला नागरिकत्व मिळू शकत नाही, असे ठरवले. १९४६ मध्ये दार किलकिले झाले, तेही वर्षाला शंभर भारतीयांपुरते. देशांनुसार कोटा ठरवणारी ही पद्धत १९६५ च्या कायद्याने रद्द झाली, आणि तो कायदा कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याने तयार केलेल्या वातावरणात, त्या लढ्याचा मोठा कायदा झाल्याच्या पुढच्याच वर्षी संमत झाला. ज्या दारातून आपण आत आलो, ते उघडताना दुसऱ्यांनी लाठ्या खाल्ल्या आहेत. १९६८ च्या नोव्हेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनेने पुकारलेला संप पुढच्या मार्चपर्यंत चालला. त्यात चिनी, जपानी आणि फिलिपिनो वंशाचे विद्यार्थी खांद्याला खांदा लावून उभे होते, आणि वांशिक समूहांच्या अभ्यासाचे स्वतंत्र महाविद्यालय त्यातूनच उभे राहिले. आशियाई विद्यार्थ्यांनी यात पडावे का, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी तेव्हाच दिले आहे.

महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला तर हे परके वाटायला नको. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते, आणि त्याला लागूनच हार्लेम ही कृष्णवर्णीयांची प्रसिद्ध वस्ती आहे. पुढे १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली, कारण अस्पृश्यांसाठीही तसेच काही करता येईल का, याचा ते विचार करत होते. त्यांना तो दुसऱ्याच्या घरातला प्रश्न वाटला नव्हता.

गुणवत्तेचा मुद्दा दादांनी २९ जून २०२३ ला पुन्हा काढला. त्या दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड विद्यापीठाविरुद्धच्या खटल्यात प्रवेश देताना वंश विचारात घेण्याची पद्धत रद्द केली. ‘शेवटी न्याय झाला’ असा त्यांचा संदेश आमच्या जुन्या गटावर आला. त्याच हार्वर्ड खटल्यातील माहितीवरून अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिले होते की, तिथे प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक जण खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, प्राध्यापकांची मुले किंवा देणगीदारांसारख्या खास यादीतले होते. ती वाट न्यायालयाने बंद केली नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये (एमआयटी) मात्र नव्या तुकडीतील कृष्णवर्णीयांचे प्रमाण आधीच्या सुमारे १३ टक्क्यांवरून पुढच्याच वर्षी ५ टक्क्यांवर आले. गुणवत्तेची एवढी चाड असणाऱ्यांनी सुरुवात त्या खास यादीपासून करायला हवी होती.

तेव्हा माझे उत्तर असे आहे की, पडावे. निवेदने वाचावीत, सभांना जावे, आणि प्रयोगशाळा किंवा तपासणीचे काम हातात असेल, तर तिथे जे दिसेल त्याची तारखेसह नोंद ठेवावी, कारण पुढे कोणी मागितलेच, तर तेवढाच पुरावा हाती राहतो. एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे. आपण विद्यार्थी-व्हिसावर असाल, तर अटक होईल अशा कृतीपासून दूर राहावे आणि विद्यापीठाच्या कायदा-सल्ला कक्षाशी आधी बोलावे. २०२५ मध्ये पॅलेस्टाइनच्या बाजूने आंदोलने करणाऱ्या किंवा लिहिणाऱ्या काही परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले आहेत, त्यामुळे ही भीती खोटी नाही. घरी कर्ज काढून मुलाला पाठवणाऱ्या आईवडिलांचा विचार करून कोणी मागे राहिला, तर मी त्याला दोष देणार नाही. भीती वाटते असे दादा त्या बैठकीत म्हणाले असते, तर मी ठराव स्वतःच मागे घेतला असता. ते म्हणाले की आपला संबंध नाही, आणि माझी हरकत त्या वाक्याला होती, आजही आहे.