तुमचे प्रश्न, आमची उत्तरे : गुलामांच्या जहाजांवरचे मृत्यू

मागच्या अंकात अटलांटिक महासागरातल्या गुलामव्यापारावर लेख आला होता. त्यावर आलेल्या पत्रांतले चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या खुलताबादला मलिक अंबरची कबर आहे. तोही अशाच जहाजातून आला का? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

नाही. मलिक अंबर इथिओपियातला. तो बगदादमार्गे दख्खनला आला, निजामशाहीचा वजीर झाला आणि १६१० मध्ये त्याने खडकी, म्हणजे तुमचे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवली. हा व्यापार अरबस्तान आणि हिंदी महासागराच्या वाटेचा. अटलांटिकची जहाजे आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून ब्राझील, कॅरिबियन बेटे आणि उत्तर अमेरिकेकडे जात. तिथल्या मळ्यांवर आई गुलाम तर लेकरूही गुलाम, असा कायदाच होता. वर्गात शिकवताना या दोन्हींची सरमिसळ करू नका.

प्रश्न : वाटेत किती माणसे मेली? आकडा कशावरून काढतात? – शिक्षक, उदगीर

आफ्रिकेत जहाजावर चढवलेले सुमारे १ कोटी २५ लाख, पलीकडे जिवंत उतरलेले सुमारे १ कोटी ७ लाख. मधले १८ लाख समुद्रात गेले. माणूस हा माल होता, म्हणून चढवताना आणि उतरवताना मोजणी होई. बंदरांच्या, मालकांच्या आणि विम्याच्या नोंदींतून संशोधकांनी ३६ हजारांहून जास्त सफरी जुळवल्या आहेत. जिथे कागद नाहीत तिथे अंदाज धरला आहे. किनाऱ्यापर्यंत चालवत आणताना किंवा कोठडीत मेलेले यात धरलेले नाहीत.

प्रश्न : नेमके कशाने मरत? डॉक्टर नसत का? – आशा कार्यकर्ती, लातूर जिल्हा

सर्वांत जास्त रक्ताच्या हगवणीने. त्याखालोखाल देवी, गोवर आणि ताप. इंग्रज जहाजांवर बहुधा शल्यवैद्य असे. त्यांच्यापैकी अलेक्झांडर फाल्कनब्रिज याने १७८८ मध्ये सगळे बारकाईने लिहून ठेवले आहे.

पुरुषांना दोघादोघांच्या जोडीने पायात बेड्या घालत. शौचासाठी प्रत्येक कप्प्यात तीन-चार बादल्या, तळाशी सुमारे दोन फूट रुंद आणि तोंडाशी एकच फूट. बादलीपासून दूर निजलेल्याला जोडीदाराला ओढत, इतरांच्या अंगावरून पडतझडत तिथवर जावे लागे. त्यावरून मारामाऱ्या होत. शेवटी माणूस प्रयत्न सोडून देई आणि जागीच घाण होई. पाऊस किंवा वादळ आले की वाऱ्याची भोके बंद करत, जाळ्यांवर ताडपत्री टाकत. मग खाली उकाडा, घाम आणि आजाऱ्यांची विष्ठा एकत्र. एकाची हगवण सगळ्या कप्प्यात पसरायला आणखी काय लागते?

आता पाणी बघा. फाल्कनब्रिजच्या नोंदीप्रमाणे दिवसातून दोनदा जेवण आणि प्रत्येक जेवणाबरोबर अर्धा पाइंट, म्हणजे २८० मिलिलिटरच्या आसपास. दिवसाला जेमतेम अर्धा लिटर! २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले ते दिवस पाहिलेल्या लातूरकरांना हा हिशेब फोड करून सांगायला नको. हगवणीचा रोगी अंगातले पाणी आणि मीठ संपून मरतो. तुम्ही घरोघर सांगता तेच, १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते. पण तहानलेल्याला जास्त पाणी द्यायला शास्त्र लागत नाही. जहाजावर जागा म्हणजे पैसा, आणि पाण्याची पिंपे जागा खातात.

जेवण नाकारणाऱ्याचे तोंड स्क्रूच्या लोखंडी चिमट्याने उघडून अन्न कोंबत. काही जण निपचित पडून मरत. वैद्य त्याला ‘उदासी’ म्हणत. त्यातले बरेच पाणी आटून मेले असावेत, असे काही संशोधकांचे मत आहे आणि ते आम्हाला पटते. मात्र दु:खही खरेच होते. समुद्रात उडी घेऊ नये म्हणून कठड्यांवर जाळी बांधावी लागे.

प्रश्न : माणसे ओळीने निजवलेले जहाजाचे चित्र खरे की प्रचाराचे? झाँग जहाजावर पाणी संपले म्हणून माणसे फेकली, हे खरे का? – बारावीचा विद्यार्थी, परभणी

ते चित्र लिव्हरपूलच्या ‘ब्रुक्स’ जहाजाचे. पुरुषाला ६ फूट लांब आणि १ फूट ४ इंच रुंद जागा, लहान मुलीला साडेचार फूट बाय १ फूट. दोन मजल्यांमध्ये ५ फूट ८ इंच उंची, तीही मध्ये फळ्यांचा माळा ठोकून अर्धी केलेली. जहाजावर किती गुलाम न्यायचे याला १७८८ च्या ब्रिटिश कायद्याने मर्यादा घातली; चित्रात त्या कायद्याने चालतील तेवढीच माणसे आहेत. त्या कायद्याआधी त्याच जहाजाने एका सफरीत सहाशेंवर माणसे नेली होती. चित्र वास्तवापेक्षा सौम्य आहे.

पाण्याचे कारण झाँगच्या मालकांनी सांगितले. १७८१ मध्ये ४४२ माणसे घेऊन निघालेल्या या जहाजावरून १३० हून अधिक जणांना जिवंत समुद्रात फेकले. गुलाम आजाराने मेला तर विमा मिळत नसे. जहाज वाचवायला ‘माल’ फेकला असे दाखवले तर डोक्यामागे ३० पौंड मिळत. पण मध्ये पाऊस पडला होता आणि जमैकाला पोहोचल्यावर ४२० गॅलन पाणी शिल्लक होते. १७८३ मध्ये ज्यूरीने आधी मालकांच्या बाजूने निकाल दिला. मग न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्यापुढे हे पुरावे आले आणि फेरसुनावणीचा हुकूम झाला. ती झाल्याची नोंद सापडत नाही. सगळा दावा विम्याच्या पैशांचा होता. खुनाचा खटला कुणावरही चालला नाही.