वाचकांचे प्रश्न : डॉक्टरांची राष्ट्रीय संघटना चालवायची म्हणजे नेमकं काय काय बघायचं?

मागच्या महिन्यात आपण स्पेशालिस्ट डॉक्टरांच्या संघटनांबद्दल प्रश्न मागवले होते. वाटलं होतं इलेक्शनवर जास्त येतील, पण निम्म्याहून जास्त पत्रं पैशांवरच निघाली. त्यातली काही इथे घेतोय, नावं कुणाचीच छापत नाहीये.

प्रश्न : मी बालरोगतज्ज्ञ आहे, सातारा जिल्ह्यात प्रॅक्टिस. यंदा राज्याच्या कोट्यातून नॅशनल ईसीवर (कार्यकारिणीवर) निवडून आलोय. पहिल्या मीटिंगचा अजेंडा आला तो वाचूनच घाबरलो. अध्यक्ष, प्रेसिडेंट इलेक्ट, सेक्रेटरी जनरल, ट्रेझरर, इतकी माणसं, खरं काम कोण करतं आणि मी सुरुवात कुठून करू?

अभिनंदन डॉक्टर. आधी संघटनेची घटना काढून वाचा, व्हॉट्सअॅपवर फिरते ती नाही, रजिस्टर झालेली. कारण सगळ्या संघटना एकसारख्या नसतात. स्त्रीरोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना फॉग्सी बघा, ६ जानेवारी १९५० ला मद्रासच्या अखिल भारतीय परिषदेत अहमदाबाद, बंगाल, मुंबई, मद्रास आणि आपलं कोल्हापूर इथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सोसायट्यांनी एकत्र येऊन ती काढली (हो, कोल्हापूर, पहिल्या पाचात, कोल्हापूरकर हे सांगायला विसरत नाहीत). म्हणजे ते फेडरेशन आहे, डॉक्टर आपल्या गावच्या सोसायटीचा मेंबर आणि सोसायटी फेडरेशनची मेंबर. याउलट तुमच्या बालरोगतज्ज्ञांची आयएपी, १९६३ मध्ये दोन जुन्या संघटना एक होऊन झाली, तिथे डॉक्टर थेट सेंट्रलचा लाइफ मेंबर असतो. आता या फरकावर सगळं ठरतं, मतदार यादी कुणाची, फी कुणाकडे जमा होते, ब्रांच ऐकत नसेल तर सेंट्रल काय करू शकतं, सगळं.

काम कोण करतं म्हणाल तर बहुतेक ठिकाणी अध्यक्ष एका वर्षाचा. जानेवारीत इन्स्टॉलेशन, मार्चपर्यंत सत्कार, दिवाळीनंतर पुढच्याची चाहूल. त्यामुळे दरवर्षी नवी थीम, नवा लोगो, नवा प्रोजेक्ट आणि मागच्या वर्षीच्या प्रोजेक्टचं काय झालं हे कुणी विचारत नाही. संघटना टिकते ती सेक्रेटरी जनरल, ट्रेझरर आणि ऑफिसमधल्या त्या दोन-चार पगारी माणसांवर ज्यांना कुठली फाइल कुठे आहे ते माहीत असतं. तुम्ही मागच्या ३ वर्षांचे ऑडिटेड हिशोब, एजीएमची (वार्षिक सर्वसाधारण सभेची) मिनिट्स आणि चालू कोर्ट केसेसची यादी एवढंच आधी मागा. मागितल्यावर मिळायला किती वेळ लागतो त्यावरूनच तब्येत कळेल.

प्रश्न : आमच्या संघटनेचं हेड ऑफिस मुंबईत. नवीन टीम येऊन सहा महिने झाले तरी बँक नव्या ट्रेझररची सही घेत नाही, म्हणे चेंज रिपोर्ट आणा. हा काय प्रकार? निवडणूक तर बिनविरोध झाली होती. – एक सेक्रेटरी

बिनविरोध झाली काय नि चुरशीची झाली काय, कागद द्यावाच लागतो. महाराष्ट्रात अशी संघटना साधारण दोन कायद्यांखाली असते, एक १८६० चा सोसायटीज रजिस्ट्रेशन अॅक्ट आणि दुसरा १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, जो धर्मादाय आयुक्त बघतात. पदाधिकारी बदलले की या दुसऱ्या कायद्याच्या कलम २२ खाली ९० दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करायचा असतो. गंमत अशी होते की अध्यक्ष दरवर्षी बदलतो, मागच्या टीमचा रिपोर्ट पेंडिंग, त्याच्या आधीच्यांनी तर दिलाच नाही, आणि मग तुमचा रिपोर्ट गेला की तिथून विचारतात की ज्यांच्याकडून तुम्ही चार्ज घेतला तेच आमच्या रेकॉर्डवर नाहीत, तुम्ही कोण? जुने सगळे रिपोर्ट ओळीने लावा, उशिराच्या माफीचा अर्ज जोडा आणि हे रोजचं काम करणारा वकील गाठा, संघटनेतला कुणाचा तरी भाचा नको.

तुमची संघटना चेन्नईत रजिस्टर असती तर तामिळनाडूचा स्वतःचा १९७५ चा कायदा लागला असता, तेव्हा दुसऱ्या संघटनेतल्या मित्राचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नका. आणि पत्राच्या शेवटी तुम्ही संस्थेचे उद्देश बदलायचं विचारलंय, ते एजीएममध्ये हात वर करून होत नाही. १८६० च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे खास सभा, तीन पंचमांश मतं आणि एक महिन्याच्या अंतराने दुसरी सभा घेऊन पुन्हा तेवढ्याच मतांनी मंजुरी लागते. आपल्याकडे पहिली सभा दणक्यात होते, दुसरी विसरतात.

प्रश्न : आमच्या शहराने नॅशनल कॉन्फरन्स घेतली, लोकल टीमने वर्षभर मरमर काम केलं आणि चांगला सरप्लस राहिला. आता हेड ऑफिस म्हणतं सगळा पैसा आमचा, आमची ब्रांच म्हणते घाम आमचा. कोण बरोबर?

तुमचं एमओयू, म्हणजे हेड ऑफिस आणि ब्रांचमधला लेखी करार, काय म्हणतं ते बरोबर. एमओयूच नसेल, आणि पत्रावरून मला तशी शंका येतेय, तर वरात निघाल्यावर घोडा शोधण्यासारखं झालं हे.

बिड, म्हणजे कॉन्फरन्स आपल्या शहरात घ्यायचा प्रस्ताव, मंजूर होते त्याच दिवशी चार गोष्टी लिहून घ्यायला हव्यात. सीड मनी (सुरुवातीच्या खर्चाला मिळालेले पैसे) किती आणि परत कधी, सरप्लसचा वाटा कसा, तोटा झाला तर कुणाचा (हे कुणीच लिहीत नाही, कारण तोटा होईल असं कुणाला वाटतच नाही) आणि पॅन कुणाचा वापरायचा. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. हेड ऑफिसचा पॅन वापरला तर कायद्याच्या नजरेत तो सगळा पैसा हेड ऑफिसचाच, म्हणजे त्यांच्या हिशोबात येणार, त्यांच्या ऑडिटमध्ये येणार. संघटनेला आयकरात चॅरिटेबल म्हणून सूट असेल तर वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के उद्देशांवर खर्च व्हायला लागतात किंवा रीतसर पुढच्या वर्षांसाठी बाजूला ठेवायला लागतात. आता आपल्या बऱ्याच मोठ्या कॉन्फरन्सेस जानेवारी-फेब्रुवारीत असतात, पैसा एकदम येतो आणि ३१ मार्च डोक्यावर. हॉटेलचं फायनल बिल आलेलं नाही, इव्हेंटवाला फोन उचलत नाही, लोकल ट्रेझरर दमून महाबळेश्वरला गेलेला आणि हेड ऑफिसचा सीए रोज मेल करतोय. भांडणं बहुतेक इथूनच सुरू होतात, कुणी पैसे खाल्ले म्हणून नाही, हिशोब वेळेत आला नाही म्हणून. नंतर मात्र खाल्ले असंच बोललं जातं.

जीएसटीचं वेगळंच. डॉक्टरचा उपचार करमुक्त असला तरी कॉन्फरन्सची डेलिगेट फी आणि स्टॉलचं भाडं करपात्र, १८ टक्के. कॉन्फरन्स दुसऱ्या राज्यात असेल तर तिथली नोंदणी लागते, आणि कॅज्युअल (तात्पुरती) म्हणून जी मिळते ती ९० दिवसांची, फार तर आणखी ९० दिवस वाढते, पण अर्लीबर्ड रजिस्ट्रेशन तर आपण वर्षभर आधी उघडतो, मग ते गणित बसत नाही. सीएला बिड भरायच्या आधी बोलवा, बँक्वेटला नंतर बोलवलंत तरी चालेल.

मेंबरशिप फीवर जीएसटी आहे का हेही तुम्ही विचारलंय. २०२१ मध्ये कायदा बदलून तो १ जुलै २०१७ पासून लावला, आणि एप्रिल २०२५ मध्ये केरळ हायकोर्टाने आयएमएच्याच (इंडियन मेडिकल असोसिएशनच्याच) केसमध्ये ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. म्हणून उद्यापासून इथे वसुली बंद करू नका, आधी लेखी सल्ला घ्या.

प्रश्न : राज्य कॉन्फरन्सला एका बेबी फूड कंपनीने मोठी रक्कम देऊ केलीय, फक्त 'न्यूट्रिशन सेशन'ला नाव हवं म्हणतात. कमिटीतले सीनियर म्हणतात घ्या, पैसे संघटनेला मिळतायत, आपल्या खिशात थोडेच जातायत. मला पटत नाहीये. – एक बालरोगतज्ज्ञ मॅडम

मॅडम, तुमचं बरोबर आहे आणि सीनियर चुकतायत, हा पटण्या-न-पटण्याचा विषयच नाही. १९९२ चा शिशुदुग्धपर्यायी अन्नाचा कायदा आहे, ज्याला आपण आयएमएस अॅक्ट म्हणतो, त्यात २००३ च्या दुरुस्तीनंतर स्पष्ट लिहिलंय की अशा कंपनीने आरोग्यसेवकाला किंवा त्यांच्या संघटनेला पैसे द्यायचे नाहीत, सेमिनार, कॉन्फरन्स, कोर्स, फेलोशिप, रिसर्च, कशालाच नाही. संघटना शब्द तिथे आहे. ते कलम छापून कमिटीच्या ग्रुपवर टाका.

औषध कंपन्यांचं इतकं सरळ नाही. मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००२ च्या नियमांत २००९ मध्ये ६.८ हे कलम आलं, त्यात डॉक्टर आणि डॉक्टरांच्या संघटना दोघांनाही भेटी, प्रवास, पाहुणचार यांवर बंधनं होती. मग २०१६ मध्ये त्यातून संघटना हा शब्दच काढला. म्हणजे एकट्या डॉक्टरने पेन घेतलं तर नियमात सापडणार आणि त्याच डॉक्टरांच्या संघटनेने आख्खा हॉल घेतला तर नाही! मला ही सरळसरळ पळवाट वाटते, आणि ती वापरणाऱ्यांनाही मनातून तसंच वाटतं, चहाच्या वेळी बोलतात. २०२३ मध्ये नवे नियम आले ते त्याच महिन्यात स्थगित झाले, त्यामुळे जुनेच चालू आहेत.

कंपन्यांच्या बाजूने मात्र १२ मार्च २०२४ ला यूसीपीएमपी, म्हणजे औषधांच्या मार्केटिंगची आचारसंहिता, आलं. सीएमई (डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणाचा कार्यक्रम) परदेशात घ्यायची नाही, डॉक्टरचा प्रवास आणि हॉटेल कंपनीने द्यायचं नाही, तो स्पीकर असेल तरच, आणि सीएमईवरचा खर्च कंपनीने जाहीर करायचा. आता काही लोक लगेच विचारतात की मग सगळ्यांनाच स्पीकर करू का. अहो, पाच मिनिटांचं चेअरपर्सन करून तिकीट काढणं हे लपत नाही, प्रोग्रॅम छापलेला असतो.

माझं साधं मत, स्पॉन्सर किती आणि किती रुपयांचा हे संघटनेने स्वतःच वार्षिक अहवालात छापावं. आयएमएने एकदा फळांच्या रसाच्या आणि ओट्सच्या ब्रँडला आपलं नाव वापरू दिलं होतं, त्यावरून २०१० मध्ये मेडिकल कौन्सिलने पदाधिकाऱ्यांवर कारवाई केली, तेव्हा पैसे खिशात गेले नव्हते हा बचाव काही उपयोगी पडला नाही.

प्रश्न : मी डॉक्टर नाही, दोन वर्षांच्या मुलीची आई. सरकारी दवाखान्यातलं लसींचं वेळापत्रक वेगळं आणि खासगी डॉक्टरांकडच्या फाइलमधलं वेगळं, त्यात जास्त लसी आणि खर्चही जास्त. ही संघटना कंपन्यांसाठी काम करते का? – पिंपरी

ताई, प्रश्न अगदी रास्त आहे. सरकार ठरवतं तेव्हा देशातल्या प्रत्येक बाळाला फुकट काय देता येईल ते बघतं, पैसा, कोल्ड चेन, आजाराचं ओझं सगळं धरून. आयएपीची लसीकरण समिती बघते की समोर बसलेल्या एका बाळाला अजून कशापासून वाचवता येईल. म्हणून कांजिण्या, हिपॅटायटिस ए, टायफॉइड या लसी त्यांच्या यादीत दिसतात. सरकारी यादीतली एकही चुकवू नका, या जादाच्या लसींपैकी कुठल्या घ्यायच्या ते डॉक्टरांशी बोलून आणि खिसा बघून ठरवा, त्यात अपराधी वाटून घेऊ नका.

कंपन्यांचं म्हणाल तर अशा समितीतल्या प्रत्येक मेंबरने कुठल्या कंपनीकडून काय घेतलंय हे लिहून द्यायला हवं आणि ज्याचा संबंध असेल त्याने त्या लसीच्या मतदानातून बाहेर बसावं. शिफारशी छापून येतात तिथे ही माहिती शेवटी बारीक अक्षरात असते, वाचायला मिळते. संघटनांनी ती पहिल्या पानावर आणायला काय हरकत आहे मला कळत नाही.

प्रश्न : एका स्पेशालिस्टने आम्हाला फार वाईट वागणूक दिली. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेला तीन पत्रं पाठवली, उत्तर नाही. ते त्यांचं लायसन्स काढू शकतात ना? – लातूर

नाही काढू शकत. नोंदणी स्टेट कौन्सिलकडे असते, आपल्याकडे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, तक्रार तिकडे करायची, सोबत केसपेपर आणि बिलांच्या प्रती जोडून. संघटना फार तर मेंबरशिप काढेल, त्याने प्रॅक्टिस थांबत नाही. पण तीन पत्रांना साधी पोच नाही हे चूकच, निदान 'हे आमच्या अधिकारात नाही, इथे जा' एवढं दोन ओळींचं उत्तर ऑफिसमधून जायला पाहिजे होतं.

प्रश्न : ऑनलाइन मतदान आलं तरी आमच्याकडे गटबाजी तशीच. काही उपाय? – एक लाइफ मेंबर

गटबाजी जात नाही हो, यादी मात्र साफ करता येते. वारलेले, परदेशी गेलेले, मोबाइल नंबर बदललेले मेंबर यादीत तसेच पडून असतात आणि ओटीपी भलत्याच फोनवर जातो, कधी कधी एकाच हॉस्पिटलच्या नंबरवर दहा-बारा जणांचे. निवडणूक अधिकारी बाहेरचा नेमा, यादी निवडणुकीच्या तीन महिने आधी गोठवा आणि हरकतींसाठी मेंबरांना उघडी करा. दरवर्षी ट्रेझररने रिमाइंडर पाठवून मेंबरांकडूनच नंबर अपडेट करून घेतले तर बरंच काम होतं. आणि उमेदवारांच्या डिनर पार्ट्यांवर घटनेत बंदी घाला म्हणताय ते जरूर घाला, ठराव कुणीतरी मांडायला हवा, पुढच्या एजीएमला तुम्हीच मांडा, नोटिसीची मुदत किती आहे ते तेवढं आधी बघून ठेवा.