मंडळीची झाकरी आणि "मुख्य संस्थेमार्फत पाठवा" (मॉरिशस)

तुमची पोस्ट वाचली आणि म्हटलं, अरे, ही तर आमचीच कहाणी. गावातल्या मंडळीची, म्हणजे गावच्या मराठी मंडळाची, झाकरी (फेर धरून गात करायचा आपला नाच) मॉरिशसच्या राष्ट्रीय वारसा यादीत यावी म्हणून तुम्ही कागद जमवले, कचेरीने ते "मराठीच्या मुख्य संस्थेमार्फत पाठवा" म्हणून परत धाडले. आता सांस्कृतिक धोरणावरच्या सभेचं बोलावणंही त्या संस्थेलाच गेलंय, तुम्हाला नाही. पुढे काय करायचं, असं विचारलंयत.

आधीच सांगते, मी वकील नाही, सरकारी नोकरीतही नाही. सिंधुदुर्गातून लग्न होऊन इथे आले आणि आमच्या मंडळीची लिखापढी करते, एवढंच. नियम मधल्या काळात बदलले असतील तर तपासून घ्या. फॉर्म कुठे मिळतो, कुणाच्या सह्या लागतात वगैरे तुम्हाला ठाऊक असणार, ते सोडून देते.

आमचे कागद नुसते नाकारले असते तर परवडलं असतं. ते घेतले आणि 'सुधारले'. कचेरीचं नाव घेत नाही, अजून तिथे आमची कामं असतात. आम्ही ढोलकी, टाळ, वाकून फेर धरणारे गडी, मागून झील ओढणारे, सगळं नीट लिहिलं होतं. गाणी जशीच्या तशी उतरवली होती. उसाच्या मळ्यावर राबलेल्या पिढीची गाणी ती. त्यांत गणपती आणि गौळणीच्या शेजारी तब्लिस्मां (उसाचा मळा) येतो, सिरदार (मजुरांवरचा मुकादम) येतो, क्रिओलमधला, म्हणजे इथल्या रोजच्या बोलीतला, एखादा अख्खा टोमणा येतो. प्रत परत आली तेव्हा नेमक्या त्या ओळींवर पेन्सिलीने काट मारलेली आणि समासात 'अशुद्ध' असा शेरा. वर्णनाच्या चौकटीत आमच्या परिच्छेदाऐवजी 'महाराष्ट्राचं पारंपरिक लोकनृत्य' एवढी एक ओळ. आमच्या म्हाताऱ्या गड्यांच्या फोटोच्या जागी नऊवारीतल्या मुलींचं लेझीम! विचारायला गेलं की एकच उत्तर, "रेविन लासमेन प्रोसेन", पुढच्या आठवड्यात या. ते पुढचे आठवडे इतके लांबले की मधे गणपती येऊन गेले. वर्णन मात्र जे चिकटलं ते चिकटलं, शाळेच्या कार्यक्रमपत्रिकेतही आता तेच छापून येतं. अहो, महाराष्ट्राचंच असेल तर मॉरिशसच्या यादीत कशाला घालताय?

यात कुणा एका माणसाचा दुष्टपणा नाही, असं माझं मत. 1968 ला देश स्वतंत्र झाला, 1972 नंतरच्या जनगणनेतून समुदायाचा रकाना गेला आणि कोण कुठला हे सांगायचा सगळा भार पूर्वजांच्या भाषेवर येऊन पडला. हिंदी, तमिळ, तेलुगू, उर्दू, मराठी, ज्याची त्याची स्पीकिंग युनियन, म्हणजे त्या भाषेची सरकारमान्य संस्था. सरकारला ते सोयीचं पडतं, एका भाषेची एक खुर्ची आणि एक सही. पण खुर्चीवर बसलेल्याला मराठीपण जितकं पुण्या-मुंबईसारखं दिसेल तितकं बरं वाटतं. भारतातून पाहुणे आले की फेटे निघतात, झाकरीला पाच मिनिटं, तीही जेवणाच्या आधी घाईघाईत. घरोघरी आपण क्रिओल बोलतो, हे मराठीच्या फायलीत लिहायला कुणी धजत नाही. (माझा राग बोलतोय, चालवून घ्या. तुमच्या संस्थेतली माणसं चांगली असतील.)

आता उपाय. युनेस्कोचा अमूर्त वारशाचा 2003 चा करार मॉरिशसने 2004 मध्येच मान्य केलाय. त्यातली कलमं 11 आणि 15 छापून अर्जाला जोडा. वारशाची नोंद समुदाय आणि गटांच्या सहभागाने करायची, असं तिथे आहे. बिगरसरकारी संस्थांचाही उल्लेख आहे, पण गटांच्या जोडीने. त्यांच्या ऐवजी नव्हे. तुमची मंडळी म्हणजे 'गट', हे ठासून लिहा. दुसरं, उद्या कुणी झाकरी युनेस्कोकडे न्यायची म्हटलं तर आधी राष्ट्रीय यादीतली नोंद लागते आणि समुदायाची संमती लागते. म्हणून आत्ताच पत्र देऊन ठेवा: आम्हाला न विचारता वर्णन बदललं तर आमची संमती धरू नये. या एका पत्राने आमच्याशी बोलण्याचा सूर बदलला. तुमच्याकडे बदलेलच, अशी खात्री देत नाही.

युनियन मधे असली की बिघडतंच असंही नाही. भोजपुरी गीत गवई, म्हणजे लग्नातली गाणी, 2016 ला युनेस्कोच्या यादीत गेली. लग्नाआधी लोटा, थाळी, चमचा वाजवून गाणाऱ्या गावोगावच्या बायका त्यात पुढे होत्या, आणि ही गाणी शिकवायच्या शाळा भोजपुरीच्या युनियननेच उभ्या केल्या. मॉरिशसच्याच रॉड्रिग्ज बेटाकडेही बघा. मुख्य बेटाचा सेगा (इथला गाण्याचा नाच) 2014 ला गेला तरी त्यांचा सेगा तांबूर त्यात विरघळला नाही, 2017 ला स्वतःच्या नावाने गेला. त्यांची स्वतःची विधानसभा आहे 2002 पासून. आपल्याकडे तसलं काही नाही, म्हणून कागद तरी पक्के हवेत.

सभेचं म्हणाल तर बोलावण्याची वाट बघू नका. दोन पानी निवेदन इंग्रजीत द्या, शिक्का मारलेली पोच घ्या. सभा कामाच्या दिवशी सकाळी पोर्ट लुईत ठेवतात आणि आमचे ढोलकीवाले त्या वेळी हॉटेलात ड्युटीवर. तुमचेही असतीलच. शनिवारी, गावात आणि क्रिओलमध्ये बैठक घ्या, अशी मागणी त्याच निवेदनात करा. फार तर नाही म्हणतील, पण मागितल्याची नोंद राहते.

जाता जाता, रेकॉर्डिंग मंडपाच्या स्पीकरवरून घेऊ नका, ढोलकी सगळे शब्द गिळते. घरी, पंखा बंद करून, फोन गाणाऱ्याच्या पुढ्यात ठेवा. मूळ फाईल स्वतःकडे राहू द्या, कचेरीला पेनड्राइव्हवर प्रत द्या. स्वस्तातला पेनड्राइव्ह घ्या, तो काही परत मिळत नाही.