डिस्चार्ज कार्डावरचा ‘.९’ म्हणजे काय?

प्रश्न : गेल्या महिन्यात माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला ताप आला आणि घसा इतका दुखू लागला, की पाणीसुद्धा गिळवेना. तालुक्याच्या खासगी दवाखान्यात त्याला दोन दिवस भरती ठेवले. आता तो बरा आहे. मात्र डिस्चार्ज कार्डावर ‘जे०३.९’ आणि विम्याच्या अर्जावर ‘जे०२.९’ लिहिलेले असल्याने दावा परत आला. शेजारच्या मुलाच्या कार्डावर ‘जे०२.०’ होते. नऊ म्हणजे आमच्या मुलाचा आजार जास्त वाढला होता काय? कार्डावरचा आकडा आम्हीच दुरुस्त केला तर चालेल काय?
– एक पालक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : नऊचा आजाराच्या जोराशी काहीही संबंध नाही. हे संकेतांक जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीतले आहेत. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली असली, तरी आपल्याकडे विम्याच्या अर्जात दहावीचाच संकेतांक मागतात. त्यात ‘जे’ हे अक्षर श्वसनसंस्थेच्या आजारांचे, ०२ म्हणजे घशाचा तीव्र दाह आणि ०३ म्हणजे टॉन्सिलचा तीव्र दाह. टिंबानंतरचा आकडा कारण सांगतो : शून्य असेल तर स्ट्रेप्टोकॉकस हा जीवाणू, आठ असेल तर दुसरा एखादा ठरलेला जंतू, आणि नऊ असेल तर कारण नोंदवलेले नाही. घशात पू झालेला असला, तरी जंतू कोणता हे ठरले नसेल तर संकेतांक जे०२.९ हाच राहतो, आणि जे०२.० असलेला मुलगा दोन गोळ्यांत खेळायला लागलेलाही असू शकतो.

घशाचा नुसता रंग पाहून स्ट्रेप्टोकॉकस आहे असे खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी घशाचा स्वॅब घेऊन कल्चर किंवा झटपट होणारी चाचणी करावी लागते. तालुक्याच्या गावी ही सोय बहुधा नसते, म्हणून चाचणी न करता ‘.०’ लिहिण्यापेक्षा ‘.९’ लिहिणारा डॉक्टर माझ्या मते अधिक प्रामाणिक. उपचार अर्थात संकेतांकासाठी थांबत नाहीत. ताप आहे, खोकला नाही, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आहेत आणि मानेच्या पुढच्या गाठी दुखऱ्या आहेत, असे चित्र दिसले की डॉक्टर जीवाणूचा संशय धरतात. बहुतेक घसेदुखी मात्र विषाणूंमुळे होते आणि तिला प्रतिजैविक लागत नाही. स्ट्रेप्टोकॉकससाठी अमॉक्सिसिलिन दिले असेल, तर दुखणे तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून बाटली फडताळात ठेवून देऊ नये. सामान्यतः दहा दिवसांचा हा क्रम पुढे हृदयाच्या झडपा बिघडवणारा संधिवाताचा ताप टाळण्यासाठी असतो.

राहिला दाव्याचा प्रश्न. अडचण नऊची नाही, ०२ आणि ०३ जुळत नाहीत ही आहे. कार्डावर स्वतः खाडाखोड करू नये. तसे केल्यास साध्या विसंगतीला बनावटपणाचा वास येतो. दवाखान्यात जाऊन केसपेपर काढायला सांगावा, डॉक्टरांनी तपासणीत टॉन्सिल सुजल्याचे लिहिले आहे की केवळ घसा लाल असल्याचे, हे त्यांनाच पाहू द्यावे, आणि निदान शब्दांत व संकेतांकात लिहिलेले दुरुस्तीपत्र सही-शिक्क्यासह घ्यावे. दावा मंजूर व्हावा म्हणून अमुकच संकेतांक टाका, असा आग्रह मात्र धरू नये.

प्रश्न : वय ३४. तिखट खाल्ले की तोंड आणि घसा जळतो, तोंडही पूर्वीइतके उघडत नाही. खर्रा खातो. कार्डावर ‘के१३.५’ लिहिले आहे. हा घशाचा संसर्ग आहे काय?
– एक वाचक, वणी

उत्तर : नाही. ‘के’ हे पचनसंस्थेच्या आजारांचे अक्षर असून तोंडाचे आजार त्यातच येतात. के१३.५ म्हणजे तोंडाच्या आतील अस्तराखाली तंतू वाढून ते ताठ होणे, आणि खर्ऱ्यातील सुपारी हे त्याचे मुख्य कारण. यावर प्रतिजैविकांचा उपयोग नाही. याचे पुढे कर्करोगात रूपांतर होऊ शकते, म्हणून खर्रा आजच बंद करावा आणि नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा जवळच्या दंतवैद्याकडे तोंड दाखवावे. जाताना हे कार्ड सोबत न्यावे.