सांगलीहून गुलमर्गला स्कीइंग शिकायला जातोय, दिवसभर काय खावं-प्यावं?

आधी पाण्याचं सांगतो, कारण आपल्याकडची माणसं तिथंच चुकतात. सांगलीच्या उन्हात तहान आपोआप लागते, बर्फात लागत नाही. पण गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. हवा कोरडी आणि दमछाक मोठी, त्यामुळं श्वासावाटे पाणी जातच राहतं. अर्ध्या-पाऊण तासानं दोन-चार घोट घ्याच. बाटली जॅकेटच्या आत ठेवा, बाहेर लटकवली तर पाणी गोठतं. थर्मासात कोमट पाणी असेल तर उत्तमच.

खिशात तासगावचा बेदाणा आणि भाजलेले शेंगदाणे न्या. चॉकलेट थंडीत दगडासारखं होतं. बेदाणा मूठभर तोंडात टाकला की लगेच तरतरी येते.

सकाळी मात्र पोटभर खा. अंडी, पराठा, काहीही चालेल. दुपारी राजमा-चावल अर्धी प्लेटच घ्या, नाहीतर पाय जड होतात.

दारूला तर हातच लावू नका. ऊब वाटते खरी, पण रक्त कातडीकडं वळून अंगातली उष्णता बाहेर जाते, शिवाय तोलही सुटतो. त्यापेक्षा केशर-वेलदोड्याचा गरम कहावा घ्या.