पणजोबांचं नाव पुस्तकात नाही, मग लिहायचं का?

प्रश्न : बाई, मी पलूस तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये नववीत आहे. तालुक्याच्या इतिहास प्रकल्प स्पर्धेसाठी आम्ही चार मैत्रिणींनी ‘स्वातंत्र्यलढ्यात सातारा-सांगलीचे योगदान’ हा विषय घेतलाय. माझी आजी सांगते, तिचे सासरे तुफान सेनेत, म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या लढाऊ दलात होते आणि या सेनेनं शेणोलीला इंग्रज सरकारचा पैसा नेणारी रेल्वेगाडी लुटली तेव्हा ते तिथं होते. पण सरांनी दिलेल्या पुस्तकांत त्यांचं नाव कुठंच नाही. सर म्हणतात, पुरावा नसेल तर लिहू नका. आजी रुसून बसलीय. काय करू? आणि आम्ही थर्माकोलची रेल्वे करतोय, ती चालेल ना?

उत्तर : आधी आजीची समजूत काढ. पणजोबा तुझ्या प्रकल्पात येणार आहेत. कोणत्या शब्दांत यायचे, एवढंच ठरवायचंय.

सरांचं म्हणणं बरोबर आहे, पण ते तिथंच थांबायला नको. भूमिगत चळवळ नाव लपवूनच चालते. १९७२ मध्ये केंद्र सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केली, तेव्हा साधारणपणे सहा महिन्यांच्या तुरुंगवासाचा दाखला नाहीतर फरारी असल्याचा पुरावा मागत. जो कधी सापडलाच नाही, ज्याच्या नावाचं वॉरंटही निघालं नाही, त्यानं कोणता कागद दाखवायचा? म्हणून पुस्तकात किंवा यादीत नाव नाही, एवढ्यावरून माणूस तिथं नव्हता असं म्हणता येत नाही. पण दुसरी बाजूही बघ. शेणोलीची गोष्ट आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते आणि सांगणाऱ्याला आपला माणूस त्यात असावा असं वाटतंच. म्हणून आजीचं सांगणं तपासायला हवं.

तपासायचं असं. दोघीजणी आजीजवळ बसा. एकीनं विचारायचं, दुसरीनं लिहायचं. आजीला विचारून मोबाईलवर आवाजही टिपा. पहिला प्रश्न : “आजी, हे तुला कुणी सांगितलं?” सासऱ्यांनी स्वतः, सासूबाईंनी, की ते गेल्यावर भावकीतल्या कुणी? या तिन्हींचं वजन सारखं नसतं. मग तारीख आपण होऊन सांगू नकोस. गाडी ७ जून १९४३ ला लुटली, हे तुला पाठ आहे, आजीला नसेल. तिला विचार, “तेव्हा शेतात काय चाललं होतं म्हणायचे ते?” आपली जुनी माणसं काळ मोजतात तो नक्षत्रावर, सणावर, सुगीवर. “मृगाच्या तोंडावर, कुरी बाहेर काढलेली,” (कुरी म्हणजे पेरणीचं अवजार) असं काही आजी म्हणाली, तर तिच्याच शब्दांत उतरवून घे, कारण मृग ७-८ जूनलाच निघतो. तेवढ्यानं सिद्ध काही होत नाही, पण न सुचवता जुळलेली गोष्ट म्हणून तिला किंमत आहे. आणि आजी “दिवाळीचे दिवस होते” म्हणाली, तर तेही लिही. कदाचित ती वेगळ्याच प्रसंगाची आठवण असेल. मग त्याचा शोध घ्यायला तर आणखी मजा येईल.

त्यानंतर गावात ज्या घराचा तुमच्या भावकीशी संबंध नाही, तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाकडे जा. पणजोबांचं नाव काढू नकोस. नुसतं विचार, “आपल्या गावातून तुफान सेनेत कोण कोण होतं?” नाव त्यांच्या तोंडून आलं, तर तुझी बाजू खूपच भक्कम झाली. शेणोलीला या घटनेचं स्मारक आहे. घरच्या मोठ्या माणसाबरोबर तिथं जाऊन ये आणि जी नावं दिसतील ती उतरून घे. घरातली ट्रंकही उघड : स्वातंत्र्यसैनिकांना सरकारनं दिलेला ताम्रपट, पेन्शनचे अर्ज, सत्काराच्या पत्रिका, फोटोच्या पाठीमागची अक्षरं. ताम्रपट असला तर कृपा करून तो चिंचेनं घासू नका. जुना कागद लॅमिनेट करू नका, फेविकॉलनं तक्त्यावर तर मुळीच डकवू नका. मोबाईलनं फोटो काढा, त्याची प्रत लावा आणि मूळ कागद पुन्हा ट्रंकेत जाऊ दे.

एवढं झालं की प्रकल्पात असं लिही : “माझे पणजोबा शेणोलीच्या घटनेत सहभागी होते, अशी आमच्या घरात आठवण आहे. आजीने ती अमुक व्यक्तीकडून ऐकली. छापील साधनांत आम्हाला त्यांचे नाव आढळले नाही.” ही तीन वाक्यं आजीला वाचून दाखव. रुसवा जाईल असं मला वाटतं, आणि सरांचीही हरकत राहणार नाही.

आता विषयाबद्दल. तो बदला, फार मोठा आहे. सप्टेंबर १९४२ चे तासगाव, वडूज आणि इस्लामपूरचे मोर्चे, २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटलांनी साथीदारांसह फोडलेला सांगलीचा तुरुंग, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानता गावोगाव चालवलेला कारभार, त्याची न्यायदान मंडळं, कमी खर्चातली गांधी लग्नं. यातलं एकेक चार मुलींना महिनाभर पुरेल. तुमच्याकडे आजी आहे, तर ‘शेणोलीची गाडी आणि आमचे गाव’ एवढंच घ्या.

एक नकाशा मात्र हवाच. १९४३ मध्ये सांगली जिल्हा नव्हता. तासगाव आणि वाळवा हे तालुके ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्यात होते, कुंडल औंध संस्थानात, आणि सांगली शहर पटवर्धनांच्या संस्थानात. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. ब्रिटिश सातारा, औंध आणि सांगली, या १९४३ च्या तीन हद्दी तीन रंगांत दाखवा. तुफान सेनेचे एक नेते जी. डी. बापू लाड यांचं कुंडल ब्रिटिश मुलखाला लागून, पण संस्थानाच्या हद्दीत होतं, हे नकाशावर बोट ठेवून सांगितलंत, की भूमिगतांना त्याचा काय उपयोग झाला असेल हा प्रश्न ऐकणाऱ्याला आपोआप पडेल.

रेल्वे करा, पण थर्माकोलऐवजी पुठ्ठ्याची, आणि आजची लांबलचक विजेची गाडी नको. तेव्हा पुणे-मिरज मार्ग मीटरगेज होता, रुळांमधलं अंतर एक मीटर. आजच्या ब्रॉडगेजचं १,६७६ मिलिमीटर आहे. वाफेचं इंजिन दाखवा. दोन्ही अंतरं जमिनीवर खडूनं आखलीत, तर मॉडेलपेक्षा मुलं तिथंच जास्त रेंगाळतील.

सादरीकरणात पाठ केलेलं भाषण नको. परीक्षक एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात : “हे कशावरून?” चौघींपैकी कुणालाही विचारलं तरी उत्तर आलं पाहिजे. एकमेकींना रोज हाच प्रश्न विचारा.

आणखी एक. आजीला तिच्या सासूबाईंबद्दलही विचार. पणजोबा रानात लपले असतील, तर भाकरी कोण पोचवत होतं? पोलीस दारात आले तेव्हा घरात कोण होतं? क्रांतिसिंहांच्या लेकीनं, हौसाताई पाटलांनी, स्वतः तुफान सेनेत काम केलं, म्हणून त्यांचं नाव आपल्याला माहीत आहे. चुलीपाशी राहून ज्यांनी हे निभावलं, त्यांच्यापर्यंत मोठे अभ्यासक क्वचितच पोचले. तू पोचू शकतेस. आजी आहे तोवर विचारून घे.

प्रश्न : सातारा जिल्ह्यात शिक्षक आहे. आमच्या छोट्या गावात ना किल्ला, ना हुतात्मा स्मारक. मुलांना स्पर्धेसाठी कोणता विषय द्यावा?

उत्तर : सर, तुमच्या शाळेच्या कपाटात जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची नोंदवही आहे ना? साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलच्या, म्हणजे आताच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या अशाच रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी बाबासाहेबांची नोंद आहे. प्रवेशाची तारीख ७ नोव्हेंबर १९००. त्या एका ओळीमुळे आज राज्यभर ७ नोव्हेंबर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. तुमच्या रजिस्टरात पहिली मुलगी कोणत्या साली दाखल झाली? पालकांचा धंदा कोणता लिहिलाय? शाळा सोडण्याचं कारण म्हणून काय काय नोंदवलंय? मुख्याध्यापकांची परवानगी घ्या, नावं झाका आणि मुलांना दहा-दहा वर्षांचे गट पाडून मोजू द्या. दुष्काळ, धरण, मुंबईची गिरणी, सगळं त्या शेवटच्या रकान्यात सापडण्याची शक्यता आहे. काय निघालं ते मला जरूर कळवा.