‘मैत्री’वरील मुदत उलटली, म्हणून वनजमिनीत खांब रोवता येतील का?

प्रश्न : आमच्या भागीदारी संस्थेने सांगोला तालुक्यात 5 मेगावॅटच्या सौर प्रकल्पासाठी 22 एकर शेतजमीन भाडेपट्ट्याने घेतली आहे. उपकेंद्रापर्यंतच्या वीजवाहिनीचा सुमारे 300 मीटर भाग वन विभागाच्या गटातून जातो. सर्व अर्ज राज्य शासनाच्या ‘मैत्री’ या एक खिडकी पोर्टलवर केले आहेत. निर्णयाची मुदत उलटल्याने मंजुरी मिळाली असेच मानावे, असे आमचे सल्लागार म्हणतात. बँकेचा तगादा सुरू आहे. काम सुरू करावे का?

उत्तर : वनगटात एकही खांब रोवू नये. ‘मैत्री’ला 2023 च्या राज्य कायद्याचा आधार आहे आणि रखडलेल्या अर्जाचा पाठपुरावा करण्यासाठी तिचा उपयोग जरूर करून घ्यावा, परंतु वनजमिनीचा वनेतर वापर करण्यासाठी 1980 च्या वन अधिनियमाच्या कलम 2 नुसार केंद्र सरकारची पूर्वमंजुरी लागते, आणि ती केवळ मुदत संपल्याने मिळाली असे मानण्याची कोणतीही तरतूद त्या अधिनियमात नाही. उल्लंघनासाठी कलम 3अ खाली 15 दिवसांपर्यंत साध्या कैदेची शिक्षा आहे.

सल्लागारांकडे आधी वनमंजुरीचे प्रस्ताव ज्यावर दाखल होतात त्या केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवरील प्रस्ताव क्रमांक मागावा. ‘मैत्री’ची पोचपावती म्हणजे तो क्रमांक नव्हे. तो नसेल, तर वनमंजुरीचा अर्ज अजून झालेलाच नाही असे समजावे. प्रस्ताव दाखल असेल, तर वाहिनीसारख्या रेषीय प्रकल्पाला तत्त्वतः मंजुरी मिळाल्यावर आणि भरपाईच्या रकमा भरल्यावर काम सुरू करण्याची परवानगी मागता येते. त्याआधी मात्र स्वतःच्या जमिनीवरील कामही जपूनच करावे. कारण प्रकल्पात वन आणि वनेतर अशा दोन्ही जमिनी असतील, तर वनजमिनीचा निर्णय होईपर्यंत वनेतर भागातही काम सुरू करू नये, असा केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांचा रोख राहिला आहे. माझे स्पष्ट मत असे, की गटाला वळसा घालून वाहिनी नेता येत असेल, तर दोन-चार खांबांचा वाढीव खर्च सोसावा आणि वनमंजुरीचा विषयच संपवावा.

राज्याच्या अखत्यारीतील ज्या सेवा अधिसूचित आहेत, त्यांच्या दिरंगाईविरुद्ध लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली 30 दिवसांत प्रथम अपील करता येते. त्यासाठी अर्जाची तारीख दाखवणारी पोचपावती जपून ठेवावी. प्रदूषण मंडळाची चिंता नको; सौर वीजनिर्मिती पांढऱ्या, म्हणजे जवळजवळ प्रदूषण न करणाऱ्या उद्योगांच्या, श्रेणीत मोडते.

आपण विचारलेले नाही, पण भाडेपट्ट्याने घेतलेल्या प्रत्येक गटाचा सातबारा पुन्हा वाचावा. एखाद्या गटावर ‘भोगवटादार वर्ग-2’ (हस्तांतरणावर निर्बंध असलेली जमीन) अशी नोंद असेल आणि सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घेतलेली नसेल, तर तेवढ्या जमिनीचा भाडेपट्टाच अडचणीत येतो. कुळकायद्याच्या कलम 63 चा बिगरशेतकऱ्यावरील निर्बंधही विक्रीप्रमाणे भाडेपट्ट्याला लागू आहे. त्यातून खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापरासाठीची सूट आपल्या दस्तात नेमकी कशी नमूद केली आहे, ते नोंदणीकृत दस्त समोर ठेवून तपासावे लागेल. बँकेकडे मुदतवाढीचा अर्ज आताच, लेखी आणि खरे कारण नमूद करून द्यावा.